ते आम्ही उघडत नाही

सर्व्हिस सेंटरमधल्या तरुण तंत्रज्ञाने लॅपटॉप माझ्या इलेक्ट्रिक गाडीला जोडला, पडद्यावर एकामागून एक लाल ओळी उमटल्या आणि थोड्याच वेळात निदान झाले: ऑनबोर्ड चार्जर गेला. घरच्या जोडणीवर गाडी काही दिवसांपासून चार्ज होत नव्हती. केबल लावली की आतून ‘खट्’ असा आवाज येई, दिवा क्षणभर लागे, पुन्हा एकदा ‘खट्’ होई आणि सगळे शांत. रस्त्याकडेच्या वेगवान डीसी चार्जरवर मात्र तीच गाडी निमूटपणे चार्ज होत होती, त्यामुळे दोष कुठे असावा याचा अंदाज मलाही होता. मी सहज विचारले, “पण आत नेमकं काय बिघडलंय?” तो जरा गोंधळला, हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नसावा. मग अगदी प्रामाणिकपणे, आवाजात कसलाही तोरा न आणता तो म्हणाला, “मॅडम, ते आम्ही उघडत नाही. पूर्ण युनिट बदलतो.” हातात आलेल्या एस्टिमेटवर एकच ओळ होती, आणि त्या ओळीसमोरचा आकडा गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या मानाने भलताच मोठा होता. आकड्याचे दुःख यथावकाश ओसरले. त्याचे ते वाक्य मात्र पुढे कित्येक दिवस माझ्या डोक्यात घोळत राहिले.

ऑनबोर्ड चार्जरचे काम तसे सरळ आहे. भिंतीतून येणारी एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज घ्यायची, तिची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज करायची आणि बॅटरीला हव्या त्या दाबाने, बहुतेक गाड्यांत सुमारे ४०० व्होल्टने, ती आत सोडायची. डीसी चार्जरवर हे रूपांतर गाडीबाहेरच्या मोठ्या यंत्रात उरकलेले असते, म्हणून तिथे गाडीतला चार्जर बंद पडला तरी अडत नाही. चार्जरच्या ॲल्युमिनियमच्या पेटीत असतात ते रिले (विजेने उघडमीट होणारे स्विच), फ्यूज, वीज साठवणारे कपॅसिटर, मोठे ट्रान्झिस्टर, तांब्याची वेटोळी आणि सर्किट बोर्ड. उष्णता वाहून नेण्यासाठी पेटीच्या पोटातून कूलंट फिरत असतो. यातला एखादा सुटा भाग जळाला तर त्याची किंमत एस्टिमेटवरच्या आकड्यापुढे नगण्य असते. पण पेटी बंद करताना आत राळ ओतलेली असते, झाकण चिकटवलेले असते, आणि ते तसे असण्याला कारणेही आहेत. पाणी आत शिरू नये, वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी सोल्डरचे सांधे तुटू नयेत, आणि प्राणघातक दाबाच्या विजेशी कोणी अर्धवट माहितीवर खेळ करू नये. ही कारणे मला पटतात. न पटणारी गोष्ट एवढीच, की मिळून या सगळ्यांचा परिणाम असा होतो की जळतो एक भाग आणि बदलली जाते आख्खी पेटी. गाडी जुनी होत गेली तसे मला दिसू लागले की दुरुस्तीचे बिल बिघाडाच्या आकारावर ठरत नाही. समोरचा माणूस गाडी कुठल्या पातळीपर्यंत उघडायला तयार आहे, यावर ते ठरते.

माझ्या आधीच्या पेट्रोल गाडीचे मेस्त्री गाडी उघडण्याआधी ती ऐकत. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून ते काही क्षण उभे राहत आणि मग ‘टॅपेट’ किंवा ‘बेअरिंग’ एवढेच बोलत. त्यांच्या हातांना, कपड्यांना आणि त्यांनी लिहून दिलेल्या पावतीलाही ऑइलचा वास असे. त्या गाडीने मला खर्चाची एक चाल लावून दिली होती. आज ऑइल आणि फिल्टर, मग कधी क्लच प्लेट, कधी बेल्ट, कधी रेडिएटरचा पाइप, कधी सायलेन्सर. यातला कुठलाही खर्च झोप उडवणारा नव्हता, पण गाडी सदैव हात पसरून उभी असे. त्या काळाबद्दल उगाच हळवे होण्याचे कारण नाही. मेस्त्रींचे निदान अनेकदा चुकले, एका बिघाडासाठी तीन निर्दोष भाग बदलले गेले, आणि शेवटच्या वर्षांत गाडीचा धूर मागच्या दुचाकीस्वाराच्या चेहऱ्यावर वाचता येई. पण चूक झाली तरी ती लहान पैशांत निस्तरत असे, आणि चुकलेले निदान मला शेजारी उभे राहून बघता येत असे.

इलेक्ट्रिक गाडीने ही चाल मोडली. पहिली कितीतरी वर्षे तिने जवळजवळ काहीच मागितले नाही. इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, टायमिंग बेल्ट नाही, क्लच नाही. केबिनचा एअर फिल्टर, वायपरचे ब्लेड, काचेवर मारायचे पाणी, एवढ्यावर गाडी धावत राहिली आणि आकडा एक लाख किलोमीटर ओलांडून पुढे गेला. न झालेल्या खर्चाची अडचण अशी की तो कुठे लिहिलेला नसतो. न भरलेल्या पेट्रोलची पावती कोणी देत नाही. मनाला त्याची सवय होते, ते पैसे दुसरीकडे खर्च होऊन जातात, आणि मग एके दिवशी एकाच कागदावर, एकाच ओळीत, वर्षांची शांतता वसूल केल्यासारखा आकडा समोर येतो. एकूण हिशेब मांडला तर ही गाडी मला आधीच्या गाडीपेक्षा स्वस्तच पडली आहे. मी तो हिशेब मांडला आहे आणि तो खरा आहे. तरीही एस्टिमेट हातात असताना त्या खऱ्या हिशेबाचा काडीचाही आधार वाटत नाही.

खूप पळालेल्या इलेक्ट्रिक गाडीत प्रत्यक्षात काय झिजते, याबद्दल लोकांच्या कल्पना आणि माझा अनुभव यांत बरेच अंतर आहे. विचारणारा प्रत्येक जण बॅटरीबद्दल विचारतो. झिजले ते आधी रबर. बॅटरीमुळे अशी गाडी तिच्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा काही शे किलोंनी जड असते, आणि ते वजन प्रत्येक खड्ड्यात कंट्रोल आर्मच्या, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या रबरी बुशांवर, बॉल जॉइंटवर, चाकांच्या बेअरिंगवर आदळते. इंजिनाच्या आवाजाखाली जे लपले असते ते इथे लपत नाही. वळणावर डाव्या बाजूने येणारी बारीक करकर, गतिरोधकावरून उतरताना होणारा ‘टक्’, विशिष्ट वेगाला सुरू होणारी आणि वेग वाढवला की सूर बदलणारी बेअरिंगची घरघर, हे सगळे स्वच्छ ऐकू येते. शांत गाडीचा मालक जरा जास्तच कानसेन होतो. टायरही लवकर गुळगुळीत होतात, कारण वजन आहे आणि शिवाय मोटारीचा जोर पायाखाली क्षणात हजर होतो. ब्रेकचे मात्र उलटे. उतारावर आणि सिग्नलपाशी बहुतेक काम मोटारच करते, वेगाची वीज करून ती बॅटरीत परत पाठवते, त्यामुळे ब्रेक पॅड फारसे झिजत नाहीत. ते न वापरल्याने खराब होतात. डिस्कवर गंजाचा पट्टा धरतो, कॅलिपरच्या पिना जाम होतात. पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक असताना केवळ गंजामुळे डिस्क आणि कॅलिपर बदलावे लागले, तेव्हा काटकसरीच्या या जातीला हसावे की रडावे, हे मला कळेना. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहते, तेव्हा तेही ठरलेल्या मुदतीत बदलावेच लागते, गाडी कितीही शहाणी असली तरी.

आणि ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी. एका पहाटे गाडी उघडेचना. मुख्य बॅटरी आदल्या रात्री जवळजवळ पूर्ण भरलेली होती, शेकडो किलोमीटर नेईल एवढी ऊर्जा गाडीच्या तळाशी पसरून पडलेली होती, पण दाराची कुलुपे, संगणक आणि मुख्य बॅटरीला उरलेल्या गाडीशी जोडणारे काँटॅक्टर ज्या छोट्या बॅटरीवर चालतात ती रात्रीत संपली होती. तिजोरी भरलेली आणि किल्ली हरवलेली, तशातली गत. गंमत म्हणजे तो सगळ्यांत स्वस्त बिघाड ठरला. तरीही पहाटेच्या गारव्यात बंद दारापाशी उभी असताना मला जी असहायता वाटली, ती पुढच्या मोठ्या बिलांच्या वेळीही वाटली नाही.

मुख्य बॅटरीचे दुखणे वेगळ्या जातीचे आहे.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनीने पहिल्यांदा बाजारात आणली, आणि तिच्या घडणीसाठी व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण तिच्या म्हातारपणाची गोष्ट फार साधी आहे. चार्ज होताना लिथियमचे आयन बॅटरीच्या ऋण टोकाकडच्या ग्राफाइटच्या थरांत शिरतात आणि गाडी चालताना बाहेर पडतात. पहिल्याच दिवसापासून ग्राफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ थर धरू लागतो. तो थर आवश्यक असतो, त्याच्याशिवाय बॅटरी टिकणारच नाही, पण तो जाड होत जातो आणि प्रत्येक वेळी थोडे लिथियम त्यात कायमचे अडकते. सुरुवातीला हे भराभर होते, मग मंदावते. म्हणून नव्या गाडीचे मालक पहिल्या दोन वर्षांतली घट पाहून घाबरतात आणि जुन्या गाडीचे मालक निवांत असतात. गाडी उभी असली तरी हे चालूच राहते. उन्हात, शंभर टक्के भरून ठेवलेली बॅटरी न चालताच म्हातारी होते, आणि कडाक्याच्या थंडीत वेगाने चार्ज केले तर लिथियम आत शिरण्याऐवजी वरच धातू बनून साचते. जिओटॅब या कंपनीने हजारो गाड्यांच्या नोंदींवरून २०२४ साली सरासरी घट वर्षाला १.८ टक्के असल्याचे सांगितले. माझ्या गाडीचा पडदा जे सांगतो ते या सरासरीच्या आसपासच आहे. पण सरासरीत ज्यांची गाडी बसत नाही त्यांनाही गाडी चालवायची असतेच. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उष्णतेत २०१२ साली निसान लीफच्या मालकांनी पडद्यावरच्या, बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या बारा पट्ट्यांतली एकेक पट्टी विझताना पाहिली. त्या गाडीच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोयच नव्हती. कंपनीला पुढे क्षमतेचीही वॉरंटी द्यावी लागली. बॅटरी थंड ठेवणारा पंप आणि त्याचे पाइप, या दुर्लक्षित वस्तूंवर केवढे अवलंबून आहे हे मला त्या प्रकरणाने शिकवले. तेव्हापासून कूलंटची पातळी मी जरा अधिक भक्तिभावाने तपासते.

बॅटरीची किती क्षमता उरली हे सांगणाऱ्या पडद्यावरच्या टक्केवारीशी माझे नाते फारसे निकोप नाही. महिनोनमहिने तो पाहायचा नाही असे ठरवावे आणि एखाद्या रात्री, झोप येत नसताना, उगाच तो उघडून बघावा, असे चालू असते. आकडा अर्ध्या टक्क्याने वर आला तर आनंद होतो, खाली गेला तर पुढचा सगळा रस्ता गाडी सावकाश चालवली जाते. खरे तर तो आकडा मोजलेला नसतो, अंदाजलेला असतो. व्होल्टेज, तापमान आणि आत-बाहेर गेलेल्या विजेचा हिशेब यांवरून गाडीचा संगणक तो काढतो, आणि चार वेळा अर्धवट चार्ज केले तरी तो हलतो. हे माहीत असूनही मनाची चलबिचल थांबत नाही. शिवाय बॅटरी मरते ती बहुधा सरासरीने मरत नाही. चारशे व्होल्टच्या बॅटरी पॅकमध्ये सेलचे, म्हणजे सुट्या छोट्या बॅटऱ्यांचे, सुमारे ९६ गट ओळीने जोडलेले असतात, आणि त्यांतल्या सगळ्यांत दुबळ्या गटाचे व्होल्टेज खाली पोचले की उरलेल्यांत कितीही जीव असला तरी पॅक थांबतो. पंचाण्णव गट धडधाकट आणि एक आजारी, तरी निदानाच्या कागदावर लिहिले जाते: ‘बॅटरी पॅक बदलणे’.

इथे पुन्हा ‘ते आम्ही उघडत नाही’ हेच वाक्य येते, आणि इथे ते अधिक महाग असते. एका अर्थी सर्व्हिस सेंटरचे बरोबर आहे. जुन्या पॅकमध्ये एक नवे मॉड्यूल, म्हणजे सेलचा नवा गठ्ठा, बसवले तर त्याची क्षमता आणि अंतर्गत रोध आजूबाजूच्यांशी जुळत नाही. आज एक बदलले तर काही महिन्यांनी शेजारचे दुबळे ठरते आणि पुन्हा सगळे उघडावे लागते. ज्या पॅकमध्ये सेल थेट गोंदाने आणि फेसाने चिकटवून गाडीच्या सांगाड्याचाच भाग केलेले असतात, तिथे तर उघडणे म्हणजे जवळजवळ मोडणेच. पण सगळेच बिघाड आतल्या सेलचे नसतात. २०२१ साली अमेरिकेत एका टेस्ला मॉडेल ३ च्या बॅटरीचा कूलंटचा प्लॅस्टिकचा जोड रस्त्यावरच्या कशाच्या तरी तडाख्याने तुटला. तो जोड पॅकच्या कवचाचाच भाग असल्याने कंपनीच्या केंद्राने सगळा पॅक बदलायला सांगितला, खर्च १६ हजार डॉलर. एका स्वतंत्र गॅरेजने तुटलेले टोक कापले, आत आटे पाडले, पितळेचा जोड बसवला आणि ७०० डॉलर घेतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात फिनलंडमधल्या एका मालकाला २०१३ च्या टेस्ला मॉडेल एसच्या बॅटरीसाठी २० हजार युरोंहून अधिक खर्च सांगितला गेला, तेव्हा त्याने ३० किलो डायनामाइट लावून गाडीच उडवून दिली. लोक ती चित्रफीत पाहून हसले, मीही हसले. पण त्या माणसाचा राग मला अनोळखी वाटला नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. फॅक्टरीतून निघणाऱ्या बॅटरी पॅकची जागतिक सरासरी किंमत २०१० मध्ये किलोवॅट-तासाला हजार डॉलरांच्या वर होती. ब्लूमबर्ग एनईएफ या ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये ती ११५ डॉलरवर आली. म्हणजे ६० किलोवॅट-तासाच्या पॅकचे सात हजार डॉलरांच्या आतबाहेर. मालकाला सांगितला जाणारा आकडा याच्या कितीतरी वर असतो, कारण माझ्या गाडीच्या आकाराचा पॅक आता कोणी रोज हजारोंनी बनवत नाही, लिथियम बॅटरी धोकादायक माल म्हणून वेगळ्या नियमांनी पाठवावी लागते, साठवावी लागते, आणि या सगळ्यावर केंद्राची मजुरी व नफा चढतो. नव्या गाड्यांसाठी स्वस्त झालेली बॅटरी जुन्या गाडीपर्यंत पोचेस्तोवर पुन्हा महाग झालेली असते.

चाके फिरवणाऱ्या विजेच्या मोटारीबद्दल मी निश्चिंत होते, कारण तिच्यात फिरणारा भाग म्हटला तर एकच. पण त्या एका भागाला दोन्ही बाजूंनी बेअरिंग असतात, आणि बॅटरीच्या डीसीची एसी करणारा इन्व्हर्टर मोटारीला जी वीज पुरवतो ती प्रत्यक्षात सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणाऱ्या स्पंदांची असते. त्यातून शाफ्टवर जमणारा विद्युतभार बेअरिंगच्या गोळ्यांमधून मोटारीच्या कवचाकडे जाण्याचा रस्ता शोधतो आणि धातूवर बारीक खाचा पाडत जातो. काही मोटारींत म्हणून सिरॅमिकच्या गोळ्या घालतात. टेस्लाच्या सुरुवातीच्या मॉडेल एसमध्ये मोटारीच्या युनिटमधून येणाऱ्या आवाजांच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०१४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने त्या युनिटची वॉरंटी आठ वर्षे आणि अमर्याद किलोमीटर अशी वाढवली. त्याच पिढीच्या गाड्यांचे आणखी एक दुखणे मला अधिक विलक्षण वाटते. मधल्या मोठ्या पडद्याच्या संगणकात ८ जीबीची फ्लॅश मेमरी होती आणि संगणक तिच्यात सतत नोंदी लिहीत असे. फ्लॅश मेमरीवर लिहिण्यालाही मर्यादा असते. नोंदी लिहून लिहूनच ती झिजली, पडदा काळा पडला, आणि त्याबरोबर मागचा कॅमेरा व काचेवरचे बाष्प घालवण्याची सोयही गेली. २०२१ च्या सुरुवातीला सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या त्यासाठी परत बोलवाव्या लागल्या. रबर आणि पोलाद झिजते हे मेस्त्रींनाही ठाऊक होते. गाडीची स्मरणशक्ती झिजेल, हे त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला असता.

आणि तरी या गाड्या पळतात, अफाट पळतात. जर्मनीतल्या हान्सयॉर्ग फॉन गेमिंगन-हॉर्नबर्ग यांच्या मॉडेल एसने २०१९ च्या अखेरीस दहा लाख किलोमीटर पूर्ण केले आणि ती पुढेही पळत राहिली. वाटेत तिची बॅटरी बदलली गेली, मोटारी एकाहून अधिक वेळा बदलल्या गेल्या. त्यांच्या आधी अमेरिकेतल्या इर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ सालच्या आपल्या व्होल्वो पी१८०० वर २०१३ मध्ये तीस लाख मैल पूर्ण केले होते, आणि तिचे इंजिन वाटेत उघडून पुन्हा बांधले गेले होते. या दोन पराक्रमांत मला फरक दिसतो तो एवढाच की एका गाडीचे हृदय उघडून दुरुस्त केले गेले, दुसऱ्या गाडीचे काढून दुसरे बसवले गेले. दुसरा मार्ग वाईट आहे असे मी म्हणणार नाही. फक्त तो मार्ग वॉरंटीत असतानाच परवडतो. आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांतले जे आधी होईल ते, आणि तोवर ७० टक्के क्षमतेची हमी, असा साधारण प्रघात आहे. माझी गाडी ती रेषा ओलांडून बरीच पुढे आली आहे. ओलांडली त्या दिवशी गाडीला काही कळले नाही. मला कळले.

त्या चार्जरचे पुढे काय झाले, तेही सांगते. एका ओळखीच्याने एका इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याचा पत्ता दिला, जो कारखान्यांतल्या मोठ्या ड्राइव्ह, म्हणजे यंत्रांच्या मोटारींना वीज पुरवणारी उपकरणे, दुरुस्त करतो. त्याने आधी गाडीचे सर्व्हिस डिस्कनेक्ट, म्हणजे मुख्य बॅटरीची वीज तोडणारी खिट्टी, काढले, कपॅसिटर रिते होईपर्यंत थांबला, जाड रबरी हातमोजे घालून नारिंगी केबलच्या टोकांवर मल्टिमीटर धरला, शून्य दिसल्याची खात्री केली आणि मगच पेटी सोडवली. झाकण उघडायला बराच वेळ लागला. गरम हवेने राळ मऊ करून तो ती लाकडी काडीने खरवडत होता आणि खोलीभर जळक्या बेकेलाइटचा वास पसरला होता. शेवटी एक रोधक (रेझिस्टर) सापडला, मधोमध चिरलेला, आजूबाजूला तपकिरी डाग. वीज जोडल्यावर कपॅसिटर एकदम न भरता हळूहळू भरावेत म्हणून तो बसवलेला असतो. तो तुटल्यामुळे कपॅसिटर भरत नव्हते, ते भरत नाहीत हे पाहून संगणक रिले पुन्हा उघडत होता, आणि माझ्या ओळखीचा तो दोनदा होणारा ‘खट्’ यातूनच येत होता. “बाकी माल चांगला आहे,” तो म्हणाला, “पण किती दिवस चालेल ते मला विचारू नका, ताई. आणि सील माझं आहे, कंपनीचं नाही.” घेतलेले पैसे एस्टिमेटच्या मानाने अगदीच थोडे होते. मला झालेला आनंद पैशांचा होता, आणि त्याहून जास्त, आत काय बिघडले होते ते डोळ्यांनी दिसल्याचा होता. तरी पाऊस कोसळू लागला की चिकटवलेल्या त्या झाकणाची आठवण येते, आणि सर्व्हिस सेंटरचा तो मुलगा जी जोखीम घ्यायला तयार नव्हता ती आता माझी आहे, हे ध्यानात येते.

कायदे होत आहेत. युरोपीय संघाच्या ‘युरो ७’ या वाहनप्रदूषणाच्या नियमांत बॅटरीने पाच वर्षे किंवा एक लाख किलोमीटरपर्यंत ८० टक्के आणि आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजारांपर्यंत ७२ टक्के क्षमता टिकवली पाहिजे अशी अट आहे. २०२७ च्या फेब्रुवारीपासून तिथे प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट, म्हणजे तिच्या घडणीची आणि स्थितीची संगणकीय नोंद, लागेल. जुनी गाडी घेणाऱ्याला त्याचा मोठा उपयोग होईल, कारण आज तो विक्रेत्याच्या शब्दावर आणि पडद्यावरच्या अंदाजावर विसंबून असतो. पण हा पासपोर्ट आणणाऱ्या बॅटरी कायद्यातच ई-सायकल, स्कूटर यांसारख्या हलक्या वाहनांसाठी जी अट आहे, की बॅटरी आणि तिच्यातले सेलही स्वतंत्र कारागिराला सहज काढून बदलता आले पाहिजेत, ती मोटारगाड्यांच्या बॅटरीला लागू नाही. क्षमता किती उरली ते कळेल. एक गट आजारी पडला तर तो कोण उघडणार, हे तसेच राहील. मला क्षमतेच्या हमीपेक्षा ही दुसरी गोष्ट अधिक हवी होती.

गाडी विकावी का, हा प्रश्न घरात अधूनमधून निघतो. विकायची तर घेणारा एकच प्रश्न विचारतो, बॅटरी किती उरली, आणि वॉरंटी संपली आहे हे ऐकून अशी किंमत सांगतो की तीत बॅटरी बदलण्याचा सगळा खर्च त्याने आधीच कापून घेतलेला असतो. म्हणजे जो खर्च कदाचित कधीच येणार नाही, तो विकताना मात्र मला आजच आणि पुरता भरावा लागतो. ठेवायची तर तो धोका राहतो, पण धोकाच राहतो, बिल नव्हे. पूर्ण चार्जवर पूर्वीइतके अंतर ती जात नाही, पण माझ्या रोजच्या धावपळीला लागते त्याच्या कितीतरी पट अजून जाते; लांबच्या प्रवासात एक थांबा वाढला आहे, इतकेच. अपघातात मोडीत निघालेल्या, कमी पळालेल्या गाड्यांचे पॅक सोडवून विकणारे लोक आता आहेत, आणि चार्जर उघडणाऱ्या त्या माणसाच्या ओळखीत असा एक जण निघाला. पॅक बसेल, पण गाडीचा संगणक त्याला आपला म्हणून स्वीकारेल का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचे उत्तर सॉफ्टवेअरच्या आवृत्तीवर अवलंबून आहे असे तो म्हणाला. मी किंमत विचारून ठेवली आहे. घाई नाही, त्याआधी पुढच्या दोन्ही कंट्रोल आर्म बदलायच्या आहेत, आणि त्या तरी कोणालाही उघडता येतात.